मेश्रामसाहेबांचा टॉर्क कन्व्हर्टर

मेश्रामसाहेबांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांमार्फत. साहेबांचा बाकीचा भाग गाडीखाली होता. पायांत काळे, चकचकीत पॉलिश केलेले ऑफिसचे बूट, त्यावर कडक इस्त्रीची पँट, आणि त्यापलीकडच्या अंधारातून एक आवाज: “कोण उभं आहे तिथं? उजेड अडवून राहिले न तुम्ही!”

मी जागच्या जागी पेटले. माझा सगळा जन्म नारायण पेठेत गेला. आमच्याकडे अनोळखी माणसाचा अपमान करायचा असला तरी आधी नमस्कार म्हणतात. त्यात विश्रांतवाडीच्या या नव्या घरात सामान आदल्याच दिवशी येऊन पडलेलं, गॅस जोडलेला नाही, सकाळपासून पोटात चहा नाही. मी म्हटलं, “मी उभी आहे. माझ्या स्कूटरच्या जागेवर उभी आहे. आणि माझ्या जागेवर तुमचे पाय आहेत.”

पाय क्षणभर विचारात पडले. मग उजवा बूट माझ्या हद्दीतून उचलला गेला आणि डाव्यावर ठेवला गेला. “झालं?” गाडीखालून विचारणा झाली. “आता उजेड सोडा.”

हे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरीत अर्धा महाराष्ट्र फिरून शेवटी पुण्यात टेकले. एरवी त्यांची भाषा सरकारी परिपत्रकातली असायची. पण राग आला की ती पुणं सोडून थेट भंडाऱ्याला पोचायची. आणि राग त्यांना सकाळी डोळे उघडल्यापासून असायचा, त्यामुळे परिपत्रक काही मी फारसं ऐकलं नाही.

गाडी म्हणजे एक जुनी, लांबलचक, चंदेरी सेडान. गिअर आपोआप बदलणारी. दर थोड्या महिन्यांनी साहेब तिचं नाक लोखंडी घोड्यांवर चढवत आणि बूट घालून तिच्याखाली शिरत. मला गाड्यांमधलं शून्य कळतं. सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आवाज मोठा आणि सहनशक्ती लहान, एवढंच भांडवल. पण टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, हे मी आज झोपेत उठवलंत तरी सांगेन. कारण माझी खिडकी त्या पार्किंगवर उघडते आणि साहेबांचं भाषण ऐकायला परवानगी लागत नाही.

तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक मोठा गोल डबा असतो. तो टॉर्क कन्व्हर्टर. त्यात तेल. इंजिन ते तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या रेट्यानं गाडी पुढे जाते. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. गॅरेजवाले तेल बदलतात म्हणजे काय करतात, तर खालच्या चेंबरचं बूच उघडतात, तिथलं तेल काढतात आणि नवं ओततात. त्या गोल डब्यातलं तेल तिथंच बसून राहतं. निम्म्याहून जास्त.

“म्हणजे काय झालं बाई,” साहेब माझ्या खिडकीकडे बोट रोखून म्हणत, “धरणाचं वरचं पाणी सोडलं अन् बोर्ड लावला, गाळ काढला म्हणून! गाळ खालीच राहते न बाप्पा!”

साहेबांच्या या जुन्या गाडीत त्या डब्याला स्वतःचं वेगळं बूच होतं. नव्या गाड्यांना कंपन्या ते देत नाहीत, याचा साहेबांना इतका संताप होता की जणू ते बूच रात्रीतून त्यांच्याच घरून चोरलं होतं. “काहून नाही देत? माणसानं तळ पाहू नये म्हणून नाही देत!”

“गाळ खालीच राहते” हे वाक्य ते गाडीपुरतं ठेवते तर मी गप्प बसले असते. पण नाही. सोसायटीची पाण्याची टाकी धुतली, तर हे वर चढून विजेरीने तळ बघणार आणि धुणाऱ्यांना परत बोलावणार. मी ओट्यावर कोथिंबीर धुतेय, तर खिडकीतून सूचना: “दोन पाण्यांनी काय होते? खालचं पाणी पाहिलं का तुम्ही?” सभेत मागच्या इतिवृत्ताला मंजुरी द्यायची वेळ आली की हे त्याच्या मागच्या सभेत शिरणार, तिथून त्याच्याही मागच्या. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि मिटलं. दोघं हातात हात घालून खाली उतरले, तर साहेबांनी त्यांना जिन्याशी गाठलं. “बोलून मोकळे झाले? सगळं काढलं की वरवरचं?” त्या दोघांनी घरी जाऊन पुन्हा भांडण सुरू केलं. मी ऐकलं ते. माझी खिडकी उघडीच होती.

तेल सांडायचं, हा माझा खरा राग. साहेब फडक्याने पुसायचे, नाही असं नाही, पण डाग राहायचा आणि माझी स्कूटर त्यावरून घसरायची. शेवटी मी खांबावर पाटी लावली: ‘येथे तेल सांडू नये. सांडल्यास पुसावे. पुसण्याचा कंटाळा असल्यास मुळात सांडू नये.’ दुसऱ्या दिवशी पाटीखाली निळ्या शाईने शेरा होता: ‘पाहिले. बाब स्थानिक स्वरूपाची असल्याने कार्यवाहीची आवश्यकता वाटत नाही.’ खाली सही. मी त्याखाली लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ लिहिलं. महिनाभर आम्ही एकमेकांशी खांबावरूनच बोलत होतो.

आणि मग एके दिवशी मला कळलं की या माणसाला गाडी चालवता येत नाही.

झालं असं की माझी स्कूटर त्यांच्या गाडीमागे अडकली होती. मी वर जाऊन बेल वाजवली. “मेश्रामसाहेब, गाडी जरा पुढे घ्या.”

“सुजाता बाहेर गेली आहे. आली की घेईल.”

“त्या कशाला? तुम्ही घ्या की.”

“मले नाही येत,” साहेब म्हणाले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. “जन्मभर खात्याची जीप होती, खात्याचा ड्रायव्हर होता. काहून शिकू?”

मी दारातच हसत सुटले, आणि हसता हसता चिडले. हा मनुष्य त्या गाडीच्या पोटात हात घालून बसतो, जगाला तेलाची अक्कल शिकवतो, आणि स्टेअरिंगवर बसायची वेळ आली की बायकोची वाट बघतो! मी म्हटलं, “म्हणजे स्वयंपाकघरात येऊन फोडणी कशी घालायची हे सांगणाऱ्यांपैकी तुम्ही.” त्यांनी दार लावून घेतलं.

गाडी सुजाताताईंची होती. सुजाताताई म्हणजे मेश्रामसाहेबांची पत्नी, आणि त्या घरातला एकमेव शांत आवाज. पोस्टात नोकरी केली, काउंटरवरून सुरुवात करून मोठ्या हुद्द्यावर पोचल्या. पुढे डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, म्हणून ही आपोआपवाली गाडी घेतली. डाव्या पायाला काम नको, एवढ्या एका कारणासाठी.

त्या गाडी काय चालवायच्या! एकदा मला भावाकडे नारायण पेठेत सोडायला आल्या. गल्लीत समोरून टेम्पो. मागे जायला जागा म्हणावी तर दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, माझा भाऊ गॅलरीतून सल्ले देतोय, मी खिडकीतून डोकं काढून टेम्पोवाल्याच्या घराण्याची विचारपूस करतेय. आणि सुजाताताईंनी ती एवढी लांब गाडी अख्खी गल्लीभर उलटी नेली. कुठे घासली नाही, एकदा थांबली नाही. तोंडातून चकार शब्द नाही. माझ्या भावाने जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी कौतुक केलं. “बरं जमतं त्यांना,” तो म्हणाला. नारायण पेठेत याला पदक समजतात.

गेल्या दिवाळीनंतर सुजाताताईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

दवाखाना झाला, घरी आल्या. बोलणं शाबूत, उजवी बाजू शाबूत. डावा पाय काठी घेऊन थोडा चालायला लागला, डावा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. भेटायला माणसांची रीघ लागली आणि माझं डोकं फिरायला लागलं. जो येई तो एकच बोले: “आता आराम करायचा हं.” “आता काही करायचं नाही.” “आता देवाचं नाव घ्यायचं.” अरे, बाई तुमच्यासमोर धडधडीत बसलीय, पेपर वाचतेय, शब्दकोडं सोडवतेय, आणि तुम्ही तिला फोटोत घालून हार चढवायची घाई करताय! मी एकीला तोंडावर विचारलं, “तुम्ही स्वतः काय करता हो दिवसभर? त्यांनी सोडायचं असं नेमकं काय?” ती अजून माझ्याशी बोलत नाही. बरं झालं.

काही महिने व्यायाम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, उजवं अंग चांगलं आहे, नजर चांगली आहे, हवं तर गाडी सुरू करून बघा, आधी आपल्याच आवारात, शेजारी कुणाला तरी घेऊन. ते ऐकल्यावर सुजाताताईंचा चेहरा काय फुलला होता! त्यांचा मुलगा निखिल बंगळुरूहून आला. आईला गाडीत बसवलं, शेजारी स्वतः बसला, गिअर टाकला, आणि गाडीने असा काही हिसका दिला की सुजाताताई डावीकडे कलंडल्या. त्यांना सावरता येईना. निखिलने घाबरून गाडी बंद केली. “आई, बास. नको हे आता.”

सुजाताताई म्हणाल्या, “माझाच पाय चुकला. राहू दे.”

त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. गाडीवर धूळ बसली. आणि निखिलने गाडी विकायचं ठरवलं.

निखिल वाईट मुलगा नाही. हाच तर त्रास आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. मी खिडकीत होते, साहेब खाली गाडीशी उभे राहून फोनवर बोलत होते, फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर, त्यामुळे मी कान देण्याचा प्रश्नच नव्हता.

“बाबा, प्रॅक्टिकली बघा ना. तुम्ही चालवत नाही, आई चालवू शकत नाही. मी इथून कॅब बुक करून देत जाईन. कुठे जायचं ते फक्त सांगा.”

“तुझी माय पार्सल आहे का? इकडून तिकडं पाठवाले?”

“बाबा, प्लीज. रविवारी सकाळी मी येतोय. एकजण गाडी बघायला येणार आहे. आईलाही सांगितलंय, ती हो म्हणाली.”

“ती हो म्हणाली?” साहेबांनी विचारलं. आणि फोन बंद केला. मला इतका राग आला की मी खिडकी धाडकन लावली. कुणाचा राग, ते मात्र कळेना. निखिलचा म्हणावा तर तो आईच्या काळजीनेच बोलत होता. सुजाताताईंचा म्हणावा तर त्या हो का म्हणाल्या, हे मला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात मेश्रामसाहेब, बूट घातलेले, कपाळाला काळं लागलेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दाराशी.

“बाई, तुमचे हात बरे आहेत न?”

“हे काय विचारणं झालं?”

“मले दोन चांगले हात पाहिजेत. वॉचमन गेटवरून हलत नाही म्हणते, गॅरेजवाला चेंबर खोलून देतो म्हणते, डब्याला हात नाही लावत म्हणते.” साहेब दम खायला थांबले. “मी सकाळपासून एकटाच करून राहिलो. वर पाना फिरवायचा, खाली शिरून पाहायचं, पुन्हा बाहेर यायचं. होत नाही.”

मला खरं तर म्हणायचं होतं, की खांबावर अर्ज लावा. पण त्यांच्या गुडघ्यांकडे लक्ष गेलं. दोन्ही गुडघ्यांवर पँट फाटली होती. मी चप्पल घातली.

काम सांगायला सोपं होतं. त्या गोल डब्याचं बूच डब्याबरोबर फिरतं. खाली एक लहानशी खिडकी आहे, बूच त्या खिडकीत आलं तरच पाना लागतो. म्हणून एकाने पुढे उभं राहून लांब दांड्याच्या पान्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून बघायचं. बूच दिसलं की तो म्हणणार थांबा, की याने थांबायचं. उलटं फिरवायचं नाही. पुढे गेलं, तर अख्खा फेरा पुन्हा.

मी पाना फिरवायला लागले. जड होतं, पण जमत होतं.

“हळू, बाई, हळू! जातं दळून राहिल्या का?”

“जातं दळत नाहीत, जात्यावर दळतात,” मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता हात पुढे गेला.

“गेलं! गेलं न पुढं! तोंड काहून चालवता? हात चालवा!”

दुसरा फेरा. मी ओठ मिटून घेतले. खालून आवाज: “या बारी नीट. शाळेत शिकवत होत्या म्हणे. पोरांचं काय झालं असेल बाप्पा!”

आता मला सांगा, पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई हे कसं ऐकून घेईल? मी वाकून म्हटलं, “माझी पोरं इंजिनिअर झाली. त्यांतली काही गाडीही चालवतात.” आणि बूच खिडकीतून पुढे निघून गेलं.

असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. ते घालूनपाडून बोलायचे, मी उत्तर द्यायची, बूच जायचं. नारायण पेठेतल्या माणसाला अंगावर आलेला शब्द परत पाठवल्याशिवाय हात स्थिर ठेवता येत नाही, आणि मेश्रामसाहेबांना न टोचता सूचना देता येत नाही. आम्ही दोघं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथंच गोल गोल फिरत राहिलो असतो. वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती. कुणीतरी चहा घेऊन उभं होतं. मला घाम फुटला होता आणि रडू यायच्या बेताला आलं होतं, निव्वळ संतापाने.

“अहो, मग तुमच्याशी आजवर हे कुणी केलं?” मी ओरडले. “कोण सहन करत होतं तुम्हाला?”

खालचा पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

“सुजाता,” साहेब म्हणाले. “ती बोलत नव्हती. मी ओरडत होतो, ती फिरवत होती. कधी चुकली नाही.” माझ्या खिडकीतून नुसतं उघडं बॉनेट दिसायचं, त्यामागे त्या उभ्या असतील हे कधी मनात आलं नव्हतं. मग साहेब बऱ्याच खालच्या आवाजात, परिपत्रकाच्या भाषेत: “बाई, तिला वाटतं तिचा पाय चुकला. त्या दिवशी. मी तेव्हा बाहेर उभा होतो. पाय ब्रेकवर होता, मी पाहिला. हिसका गाडीचा होता. महिनोन्‌महिने गाडी उभी, तेल तेव्हापासून बदललेलं नाही, जळकं, अर्ध्याहून जास्त त्या डब्यात. मी तिला सांगितलं, तर ती म्हणते, तुम्ही माझं मन राखता. मी कधी कुणाचं मन राखलं आहे का, तुम्हीच सांगा.”

“नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही.”

“मग हे काढून दाखवल्याशिवाय ती नाही मानत.”

मी पाना धरला आणि तोंड घट्ट मिटलं. साहेबही काही बोलले नाहीत. पाना हळूहळू फिरला. खालून फक्त “हं,” असं आलं. मी थांबले. थोड्या वेळाने बूच निघाल्याचा आवाज झाला आणि खालच्या घमेल्यात धार पडायला लागली. ते तेल लाल असायला हवं म्हणे. हे काळं होतं, आणि करपलेल्या भाजीचा वास येत होता. संपता संपेना.

साहेबांनी त्यातलं थोडं काचेच्या बरणीत भरलं आणि वर सुजाताताईंना दाखवायला नेलं. खाली आले ते गुश्शात. “काय म्हणाल्या?” मी विचारलं. “म्हणते, बरणी लोणच्याची होती.”

दुपारी नवं तेल ओतून झालं. इंजिन सुरू करून, पुन्हा ओतून, तेल मोजायची पट्टी पुन्हा बघून झाली. ते सगळं त्यांना येत होतं. पण मला एक शंका होती आणि ती मी विचारली. “हिसका गेला का, हे तपासणार कोण? तुम्हाला चालवता येत नाही, मला स्कूटरपलीकडे काही येत नाही.”

“ती.”

“आणि पुन्हा हिसका बसला तर?”

साहेबांनी फडकं उचललं. हात पुसत राहिले. मग म्हणाले, “मग विकू.” मला त्यांच्याकडे बघवेना. मी घरी आले आणि भांडी आपटली.

रविवारी सकाळी साहेब वर गेले आणि पाऊण तास खाली आले नाहीत. मी पार्किंगमध्ये उभी. वरून साहेबांचा चढलेला आवाज, मग शांतता, मग पुन्हा चढलेला आवाज. मी ठरवलं, आता वर जायचं आणि दोघांनाही फैलावर घ्यायचं. तेवढ्यात लिफ्ट उघडली. सुजाताताई, काठी टेकत, चांगली साडी नेसलेल्या, आणि लालबुंद. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“इमारत गोळा केलीत ओरडून,” त्या साहेबांना म्हणत होत्या. “एकदा बसते. तुमच्या समाधानासाठी. हिसका बसला की मी वर जाणार, आणि तुम्ही हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“नाही काढणार.”

“त्या तेलाचाही नाही.”

“नाही,” साहेब म्हणाले.

सुजाताताई स्टेअरिंगमागे बसल्या. बसायला वेळ लागला, डावा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी नुसतं बघितलं, मी मागे आले. साहेब पलीकडून शेजारच्या सीटवर बसले. मी खिडकीशी उभी. इंजिन सुरू झालं. सुजाताताईंनी उजवा पाय ब्रेकवर ठेवला, मग एकदा स्वतःच वाकून तो ब्रेकवर आहे ना, ते पाहिलं. ते मला अजून दिसतं. ज्या बाईने अख्खी गल्ली उलटी पार केली, ती स्वतःच्या पायाची खात्री करून घेत होती.

गिअरचा दांडा डाव्या बाजूला. डावा हात मांडीवर पडलेला.

“टाका,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी दांड्याला हात लावला नाही. त्यांनी सुजाताताईंचा मांडीवरचा हात उचलला, त्याची बोटं एकेक करून दांड्याच्या मुठीवर ठेवली, आणि त्या हातावर आपला हात ठेवला. मग दोन्ही हातांनी मिळून दांडा मागे ओढला गेला. मी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. काहीच झालं नाही. मी डोळे उघडले तेव्हा गाडी माझ्यापासून दूर निघाली होती. आवाज नाही, धक्का नाही. बागेला वळसा घालून ती पलीकडच्या बाजूला गेली, वळली, आणि पुन्हा आली. सुजाताताई माझ्या समोरून गेल्या, तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. समोर रस्ता बघत होत्या. गाल ओले होते, पण रस्त्यावरची नजर ढळलेली नव्हती.

फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. निखिल उतरला, त्याच्यामागून गाडी बघायला आलेला माणूस, हातात मोबाईल. निखिल जिथं उतरला तिथंच उभा राहिला. तो माणूस माझ्याकडे आला. “मॅडम, ती सिल्व्हरवाली का? टेस्ट ड्राइव्ह चालूय वाटतं. चालवतंय कोण?”

“मालकीण,” मी म्हटलं. “आणि तुम्ही रविवारी सकाळी लोकांच्या दारात काय करताय? घरी माणसं नाहीत?” तो काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला तशी संधी दिली नाही. दोन दिवसांचं सगळं साठलेलं होतं, ते त्याच्यावर काढलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो निखिलकडे बघत बघत निघून गेला.

गाडी तिसऱ्यांदा आली आणि निखिलसमोर थांबली. सुजाताताईंनी काच खाली केली. “मागे बस,” त्या म्हणाल्या. निखिल मुकाट्याने मागचं दार उघडून बसला. पुन्हा गाडी निघाली, अगदी सावकाश, माझ्या जवळून. मी आत पाहिलं. आपोआपवाल्या गाडीत एकदा गिअर टाकला की त्या दांड्याला हात लावायचं कारण उरत नाही, गाडी आपली आपण चालते. मेश्रामसाहेबांचा हात मात्र अजून सुजाताताईंच्या हातावर तसाच होता. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि एक अक्षर बोलत नव्हते.